पोथीतला ‘लेखक’ नेमका कोण? (लेखक, लेखनिक, नवीस, बिकलम वगैरे)

दौतटाक
जुन्या पोथ्यांच्या याद्या आता ठिकठिकाणी संगणकावर चढत आहेत. काम मोलाचे आहे, पण त्यात एक चूक पुन्हा पुन्हा होताना दिसते. तक्त्यात ‘लेखक’ असा रकाना असतो. नोंद करणारा शेवटचे पान उघडतो, ‘लिखितं’च्या आसपास जे नाव दिसेल ते उचलतो आणि त्या रकान्यात टाकतो. परिणाम असा की गुरुचरित्राच्या पाच प्रती असल्या तर यादीत पाच ‘लेखक’ दिसतात आणि सरस्वती गंगाधर कुठेच नसतो.

चूक नोंद करणाऱ्याच्या निष्काळजीपणाची नाही. शब्दच सरकला आहे. आपण आज ‘लेखक’ म्हणतो तेव्हा मजकूर मनातून काढणारा माणूस डोळ्यासमोर येतो. पोथीच्या काळात हा शब्द हातात बोरू धरणाऱ्याचा होता. रचणारा तो कर्ता, कवी, ग्रंथकार, टीकाकार. लिहिणारा तो लेखक. एकच माणूस दोन्ही असू शके, पण शब्द दोन होते.

या धाग्यावर या शब्दाचे आणि त्याच्या भावकीतल्या शब्दांचे जुने-नवे वापर एकत्र करू या. पुरावा, नेमका वापर आणि काम करताना कुठे घोळ होतो हे लिहिले तर याद्या करणाऱ्यांना थेट उपयोग होईल.

पाठभेद
सगळ्यात भक्कम पुरावा ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे, आणि तो पाठ असूनही त्याकडे लक्ष जात नाही:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. एकाच ओवीत दोन माणसे आणि दोन क्रियापदे. ज्ञानेश्वरांनी ‘टीका केली’, सच्चिदानंदबाबा ‘लेखकु जाहला’. आजच्या अर्थाने वाचले तर ज्ञानेश्वरीचे लेखक सच्चिदानंदबाबा ठरतील!

दुसरा पुरावा गणपतीचा. महाभारताच्या प्रचलित पाठात व्यास म्हणतात, ‘लेखको भारतस्यास्य भव त्वं गणनायक । मयैव प्रोच्यमानस्य मनसा कल्पितस्य च’. मी मनाने रचलेल्या आणि मीच सांगत असलेल्या भारताचा तू लेखक हो. रचना व्यासांची, सांगणे व्यासांचे, लेखकपद गणपतीचे. हा प्रसंग भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ संहितेत घेतलेला नाही, परिशिष्टात आहे. पण शब्दाच्या अर्थासाठी तो उत्तम साक्षीदार आहे, कारण नंतर कुणी घातला असला तरी घालणाऱ्याच्या काळात ‘लेखक’ म्हणजे काय समजत, हे तो स्वच्छ सांगतो.

तिसरा, पोथ्यांच्या शेवटी हमखास येणारे ‘लेखकपाठकयोः शुभं भवतु’. लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे भले होवो. इथे ग्रंथकाराचा संबंध नाही. पोथी हाताळणारी दोनच माणसे त्या वाक्यात आहेत.

आर्कुली
दासबोधाचा एकोणिसाव्या दशकातला पहिला समास यात जोडा. ‘लेखक’ या माणसाकडून काय अपेक्षा होती ते तिथे कलमवार मिळते. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे हवे. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत चालावे, ‘येका टांकेंचि लिहिलें’ असे वाटावे. ओळीला ओळ लागू नये. पान शिशाने आखून घ्यावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामाला येत नाही. भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही.

शेवटच्या सूचनेमागचे कारण पोथी हातात धरली की कळते. सुटी पाने कडेला धरून उलटायची असतात. बोटांचा घाम, तेल, धूळ, वाळवी सगळे कडेवर येते. समास, म्हणजे कडेची मोकळी जागा, दोन बोटे सोडलेला असेल तर कडा कुरतडल्या जाऊनही मजकूर शाबूत राहतो. समास न सोडलेल्या पोथीत ओळीची पहिली आणि शेवटची दोन-तीन अक्षरे जातात, आणि ओवीतली यमके नेमकी तिथेच असतात.

दासबोधातल्या त्या अख्ख्या समासात रचनेबद्दल एक शब्द नाही. कागद, खळ, घोटणे, बोरू, शाई, हिंगूळ (लाल रंग), बासन (पोथी बांधायचे फडके), मेणकापड यांबद्दल मात्र आहे. तो लेखकाचा समास आहे, आणि लेखक म्हणजे हा.

नवशिका_मोडी
मग शेवटच्या पानावर दोन-तीन नावे असली तर कर्ता कोण, लेखक कोण आणि मालक कोण हे ओळखायचे कसे? काही ठरलेली रीत आहे का?

रुजुवात
रीत आहे. पोथीच्या शेवटच्या या मजकुराला पुष्पिका म्हणतात. ती एका दमात वाचू नका, तुकडे पाडा.

आधी ‘इति श्री…’ पासून ‘…समाप्त’ किंवा ‘संपूर्ण’ पर्यंतचा भाग बाजूला काढा. यात ग्रंथाचे नाव आणि कर्त्याचे नाव असते, बहुधा ‘विरचित’, ‘कृत’ अशा शब्दांच्या आधी. ओवीबद्ध ग्रंथात कर्त्याचे नाव अध्यायाच्या शेवटच्या ओवीतल्या नाममुद्रेतही मिळते (एका जनार्दनीं वगैरे). दोन्ही ताडून पाहा.

त्यानंतर काळ येतो: शके, संवत्सर, अयन, मास, पक्ष, तिथी, वार.

मग माणूस: ‘अमुक इत्युपनामकेन अमुकभट्टात्मजेन अमुकेन लिखितं’. हा लेखक, म्हणजे प्रत करणारा. ‘इत्युपनामक’च्या आधी असते ते आडनाव. ‘आत्मज’च्या आधी असते ते बापाचे नाव. याद्यांमध्ये बापच लेखक होऊन बसतो, तो इथे.

‘लिखितं’ आणि ‘लिखापितं’ यांतला फरक विसरू नका. लिखापितं म्हणजे लिहवून घेतले. ते नाव पैसे देणाऱ्याचे. ‘पठनार्थं’च्या आधीचे नाव ज्याच्यासाठी लिहिली त्याचे. ‘स्वार्थं परार्थं च’ असेल तर लेखकाने स्वतःसाठीच प्रत केली, दुसऱ्यालाही उपयोग व्हावा म्हणून. आणि ‘हे पुस्तक अमुकाचे’ ही ओळ वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत असेल तर ती पुढच्या एखाद्या मालकाची. तिचा लेखनाशी संबंध नाही.

शेवटी काही श्लोक येतात. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. ‘भग्नपृष्ठकटिग्रीवं’, पाठ, कंबर, मान मोडून लिहिले आहे, जपून ठेवा. ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत्’, तेला-पाण्यापासून सांभाळा, मूर्खाच्या हाती देऊ नका. हे साचे आहेत, त्यांतून त्या विशिष्ट माणसाविषयी काही ठरवू नये. तरी ‘यादृशं’ श्लोक वाचताना एवढे ध्यानात घ्या की तो ‘माझ्यापुढे एक मूळ प्रत होती’ असे कबूल करतो. तेवढ्याने लिहिणारा कर्ता नव्हे हे नक्की होते.

पाठभेद
काळाच्या तुकड्याला एक भर. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेर साधारण ७९ मिळवावे लागतात, कारण मध्येच जानेवारी येतो. आणि संवत्सर ताडून पाहिल्याशिवाय शक मान्य करू नका. नर्मदेच्या दक्षिणेकडच्या गणनेसाठी सोपा हिशेब: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक (प्रभव १, बाकी शून्य आली तर ६०वा क्षय).

उदाहरण घ्या. एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती ‘श्रीशके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं’. १५०६ + १२ = १५१८. ६० ने भागून बाकी १८. अठरावे संवत्सर तारण. बरोबर जुळले. महिना भाद्रपद, म्हणून ७८ मिळवायचे: इ.स. १५८४.

आकडा आणि संवत्सर एका वर्षाने हुकले तर गत शक आणि वर्तमान शक यांचा फरक असू शकतो. जास्त हुकले तर आकडा चुकीचा वाचला असण्याची शक्यता धरा. झिजलेल्या पानावर १ आणि ९, ५ आणि ६ फार फसवतात. संवत्सराचे नाव अक्षरी असते, ते जास्त भरवशाचे.

आता यातला मोठा खड्डा. नाथांच्या या ओव्या पुढच्या असंख्य प्रतींत जशाच्या तशा उतरवलेल्या आहेत. म्हणून त्या ओव्या असलेली प्रत १५८४ ची ठरत नाही. ती त्या परंपरेतली आहे, एवढेच ठरते. लेखक मूळ प्रतीची पुष्पिकाही इमानाने उतरवतो, आणि कधी त्याखाली आपली घालतो, कधी घालत नाही. दोन तारखा दिसल्या तर नंतरची तारीख लेखनाची. एकच दिसली आणि कागद, शाई, वळण त्या काळाचे वाटत नसेल, तर ती तारीख बापाची, म्हणजे मूळ प्रतीची आहे, पोराची नाही.

दौतटाक
नाथांच्या त्याच ओव्यांत या धाग्याला हवा असलेला शब्द बसला आहे: ‘प्रतिष्ठानीं गोदातटीं । लेखनकामाठी संपूर्ण जाली’. कामाठी म्हणजे अंगमेहनत. ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून पाहण्याचे, मराठी ग्रंथसंपादनात पहिल्या ओळीत बसणारे काम नाथांनी स्वतः ‘लेखनकामाठी’ म्हणून नोंदवले. आणि लगेच पुढे प्रती करणाऱ्यांना ताकीद: ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील, त्याने ‘अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली’, म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली. ही ताकीद कवींपेक्षा लेखकांना जास्त लागू होते. ओवी रचता येणारा लेखक हा पाठासाठी सगळ्यात धोक्याचा. निव्वळ हात चालवणाऱ्याच्या चुका ओळखता येतात, जाणत्याने केलेली ‘सुधारणा’ लपून बसते.

टांकतोडणी
हातच्या चुकांवरून मूळ प्रत लेखकाने डोळ्यांनी पाहिली की कानांनी ऐकली हे सांगता येते, म्हणून त्यांचे वर्ग वेगळे ठेवा.

पाहून लिहिताना आकाराने सारखी अक्षरे बदलतात: घ-ध, भ-म, प-य-ष, थ-य, च-व-ब. ऐकून लिहिताना आवाजाने सारखी बदलतात: श-ष-स, ण-न, ळ-ल, ऱ्हस्व-दीर्घ. मूळ मोडीत असेल आणि प्रत बाळबोध (देवनागरी) असेल तर आणखी दोन गोष्टी होतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, तो लेखक अंदाजाने घालतो. आणि मोडीत शब्द सुटे नसतात, ओळभर रेघ आधी ओढून त्याखाली अक्षरे सलग चालतात, त्यामुळे शब्द भलतीकडे तुटतात.

सगळ्यात नुकसान करणारी चूक म्हणजे नजरेची उडी. दोन ओव्यांच्या शेवटी एकच शब्द असतो. लेखक पहिली लिहून मान वर करतो, नजर दुसऱ्या ठिकाणच्या त्याच शब्दावर बसते, मधली ओवी गळते. उलटी उडी पडली तर ओवी दोनदा येते. ओवीक्रमांक पाहून हे सापडेल असे वाटते, पण कित्येक लेखक क्रमांक मुळातून न उतरवता आपले नवे घालतात, मग खाडा दिसतच नाही. म्हणून अध्यायाच्या शेवटी दिलेली ओवीसंख्या आणि प्रत्यक्ष मोजलेल्या ओव्या यांचा मेळ घाला.

दुरुस्तीच्या खुणाही वाचता आल्या पाहिजेत. गळलेले अक्षर समासात लिहून ओळीत काकपद (फुलीसारखी किंवा उलट्या व्ही-सारखी खूण) करतात. समासातल्या भरतीजवळ आकडा असेल तर तो ओळीचा: भरती वरच्या समासात असेल तर वरून मोजायची, खालच्या समासात असेल तर खालून. दोन अक्षरांवर बारीक २ आणि १ असे लिहिले असेल तर त्यांचा क्रम उलटा वाचायचा. हे आकडे मजकुरात मिसळून टंकलेले पुष्कळदा दिसतात.

हिंगूळ
खोडायच्या खुणेतूनच आपला ‘हरताळ फासणे’ आला. हरताळ हे पिवळे खनिज, आर्सेनिक आणि गंधक यांचे. ते बारीक खलून डिंकाच्या पाण्यात कालवायचे, चुकलेल्या अक्षरावर कुंचल्याने लेप द्यायचा, वाळला की घोटायचा आणि वर नवे अक्षर लिहायचे. लिहिलेले झाकून नाहीसे करणे हा तो मूळ अर्थ, तोच ‘तत्त्वांना हरताळ फासला’ मध्ये टिकून आहे. दुकाने बंद ठेवतात तो हरताळ निराळा, तो हाट म्हणजे बाजार आणि ताळे यांवरून गुजरातीतून आला.

सुरीने खरवडत का नसत? कागदाला खळ लावून घोटलेले असते. त्या घोटीव पातळ थरामुळेच शाई वर बसते. खरवडले की थर जातो, खालचा कागद शोषून घेतो, आणि नवे अक्षर फुटते.

काम करणाऱ्यांसाठी तीन सूचना. पिवळा डाग ‘घाण’ समजून पुसू नका, त्याच्या खपल्या निघतात आणि वरचे अक्षर जाते. पान उलटताना बोट जिभेला लावू नका, आर्सेनिक विषारी आहे, आणि काम संपल्यावर हात धुवा. छायाचित्र घेताना एक समोरून आणि एक अगदी तिरप्या उजेडात घ्या. तिरप्या उजेडात लेपाची कड उठून दिसते, कधी खालचे अक्षरही लागते, आणि तोच लेखकाचा पहिला पाठ असतो.

नवशिका_मोडी
हे फार कामाचे आहे. चिटणीस, फडणीस यांतला ‘नीस’ म्हणजे लिहिणाराच ना? आणि लिपिक हा शब्द सरकारने नवा पाडला का?

पाठभेद
‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिटणीस (चिठ्ठीनवीस), वाकनीस (वाकेनवीस, घडलेल्या गोष्टी टिपणारा), पारसनीस (फारसीनवीस), जमनीस (जमानवीस), नक्कलनवीस, खुशनवीस (सुंदर अक्षराचा). फडणीस हा ‘फर्दनवीस’, फर्द म्हणजे सुटा कागद, याद. ‘फड’ म्हणजे कचेरी हा शब्द मराठीत होताच, त्याने उच्चार आपल्याकडे ओढला. कारकून मात्र नवीस नाही. कार-कुन, म्हणजे काम करणारा. शब्दात लिहिणे कुठेच नाही, कामात पुष्कळ आहे.

‘लिपिक’ चे कूळ फार जुने आहे. पाणिनीच्या सूत्रात ‘लिपिकर’ येतो. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीच्या अशोकाच्या लेखाखाली ‘चपडेन लिखिते लिपिकरेण’ असे आहे, चपड नावाच्या लिपिकराने लिहिले. सगळा लेख ब्राह्मीत आणि ‘लिपिकरेण’ हा एवढा शब्द खरोष्ठीत. वायव्येकडची ती लिपी दक्षिणेत बसलेल्या त्या माणसाला येत होती, हे त्याने कोरून ठेवले. इथेही राजा बोलतो आहे आणि चपड लिहितो आहे. अशोकाचे लेखक चपड होते असे आज कुणी म्हणत नाही, मग पोथीच्या बाबतीत का म्हणावे?

आणखी एक दुवा. वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘लिहिले’ या अर्थी ‘निपिस्त’ असे रूप आहे. ते इराणी भाषेतून आलेले. त्याच धातूपासून पुढे फारसीतला ‘नवीस’ झाला. म्हणजे आपल्या फडणीसांच्या शेपटाचा भाऊबंद अशोकाच्या शिळेवर आहे.

दफ्तरी
तसाच दोनदा आलेला शब्द ‘दबीर’. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत ‘दिविरपति’ नावाचा अधिकारी आहे, काश्मीरच्या क्षेमेंद्राच्या लेखनात ‘दिविर’ आहेत. मूळ इराणी, अर्थ लेखनाधिकारी. पुढे तोच फारसीतून पुन्हा ‘डबीर’ होऊन दख्खनेत आला. शिवछत्रपतींच्या प्रधानमंडळात डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, मुजुमदाराचा अमात्य. शिवकाळात झालेल्या राज्यव्यवहारकोश या शब्दकोशाच्या दहा वर्गांत लेखनवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. लिहिण्याच्या कामाचे शब्द तेवढे होते.

आता दस्तांकडे वळतो, कारण तिथे घोळ अजून चालू आहे. खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात. यांतला एकही लिहीत नाही. लिहून देणार म्हणजे हक्क सोडणारा, विकणारा. लिहून घेणार म्हणजे ज्याच्या लाभात दस्त झाला तो. प्रत्यक्ष लिहिणारा खाली कोपऱ्यात असतो, ‘हस्ताक्षर अमुक’ किंवा दस्तलेखक म्हणून.

जुन्या कागदांत सहीजवळचे संक्षेप नीट वाचा. ‘दस्तुरखुद्द’ (बहुधा ‘द॥ खुद्द’) म्हणजे सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिले. ‘बिकलम’ (बहुधा ‘बि॥’) म्हणजे अमुकाच्या कलमाने, म्हणजे नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा. ‘निशाणी नांगर’ म्हणजे सही न येणाऱ्या शेतकऱ्याची खूण, तिच्याशेजारी बिकलम असतोच. वारसांचा शोध घेताना बिकलमचे नाव हिस्सेदारांत धरले तर सगळी वंशावळ बिघडते. आजच्या ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ या ओळीशेजारी जो ओळख पटवणारा सही करतो, त्याचेही तसेच.

नकलेबद्दलही सांगतो. ‘नक्कल’ म्हणजे दफ्तरात उतरवून घेतलेली प्रत, ‘अस्सल’च्या उलट. ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ म्हणजे मुळाप्रमाणे ताडलेली. सातबाराचा ‘उतारा’ हाही उतरवून घेण्यावरूनच आला. पण नक्कल करणाऱ्याला ‘नकलाकार’ म्हणू नका, तो रंगमंचावरचा. गुजरातेत पोथ्या उतरवणाऱ्याला ‘लहिया’ म्हणतात, जैन भांडारांच्या याद्यांत तो शब्द भेटेल.

आर्कुली
हात एकाचा आणि बुद्धी दुसऱ्याची, यावर आख्खे नाटक उभे आहे: विशाखदत्ताचे मुद्राराक्षस. वैदिकाने कितीही जपून काढले तरी त्याचे अक्षर अस्पष्टच, असे म्हणून चाणक्य पत्र शकटदास या कायस्थाकडून लिहवून घेतो. पुढे तेच अक्षर शकटदासावर आणि राक्षसावर पुरावा म्हणून उलटते. अक्षर ओळखू येते, सांगणारा ओळखू येत नाही. छपाईतल्या चुकांना मराठीत ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ म्हणतात तो नावावरचा श्लेष, नाटकाचा त्या चुकांशी संबंध नाही.

नवशिका_मोडी
मग ‘लेखक’ चा अर्थ बदलला केव्हा?

दौतटाक
छपाई आली, तेव्हापासून हळूहळू. प्रत हाताने करायची गरज संपत गेली तसा त्या माणसाचा शब्द मोकळा झाला. ‘लेख’ म्हणजे आधी पत्र, दस्त, शिळेवरचा मजकूर, कपाळीचा लेख. नियतकालिके निघाल्यावर ‘लेख’ म्हणजे मासिकातला निबंध झाला आणि तो लिहिणारा ‘लेखक’. पण १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली जे संमेलन भरले, ज्याला आपण पहिले साहित्य संमेलन मानतो, त्याचे नाव ‘ग्रंथकार संमेलन’ होते. कर्त्यासाठी तेव्हाही मानाचा शब्द ग्रंथकारच.

मधला एक टप्पा याद्या करणाऱ्यांना हमखास चकवतो: शिळाछाप. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावर. यात मजकूर कुशल लेखक तेलकट शाईने हाताने लिहीत असे, मग तो दगडावर उतरवून छापत. म्हणून शिळाछापाची पोथी हुबेहूब हस्तलिखित वाटते. ओळखायची कशी? भिंगातून पाहा. बोरूच्या अक्षरात वळणावर शाई साचून गडद होते, टाक बुडवल्यावर पहिली अक्षरे काळी आणि पुढची फिकी होत जातात. शिळाछापात काळेपणा सगळीकडे सपाट. पुष्पिकेखाली छापखान्याचे नाव आहे का तेही बघा. हाताने लिहिले म्हणून ‘एकमेव प्रत’ अशी नोंद झालेल्या पोथीच्या शंभर प्रती बाहेर असू शकतात.

टांकतोडणी
लिहिणाऱ्याचा मोबदला ‘ग्रंथ’ या मापाने मोजत. इथे ग्रंथ म्हणजे पुस्तक नव्हे, ३२ अक्षरांचे एक माप, अनुष्टुभ श्लोकाएवढे. गद्यही यातच मोजत. एका बाजूला १० ओळी, ओळीला ३६ अक्षरे, ८० पत्रे (सुटी पाने), दोन्ही बाजू लिहिलेल्या: १० × ३६ × २ × ८० = ५७,६००, भागिले ३२ = १,८०० ग्रंथ. पुष्पिकेजवळ ‘ग्रंथसंख्या’ दिली असेल तर असा हिशेब करून ताडा. मोठी तूट आली तर पाने हरवली आहेत. पत्रांक, म्हणजे पानाचा आकडा, पानाच्या मागल्या बाजूला, समासात असतो, पुढच्या बाजूला शोधू नका.

समांतर_लेखन
आजचा ‘लेखनिक’ राहिला. हा शब्द आता मुख्यतः दृष्टिहीन किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थीच्या मदतनिसासाठी वापरतात, आणि जुन्या ‘लेखका’च्या इतका जवळ दुसरा कुणी नाही. परीक्षार्थी कर्ता, लेखनिक त्याचा हात.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला होता, आणि परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण एक पायरी खालचे असावे असे म्हटले होते. नियम परीक्षेगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या परीक्षेचे ताजे परिपत्रक हाती घेऊनच लेखनिक ठरवावा.

प्रत्यक्ष कामात चुका कुठे होतात ते सांगतो. लेखनिक प्रश्न अर्धवट वाचतो, गुण आणि ‘कोणतेही तीन’ सारखी सूचना गाळतो. प्रश्न गुणांसकट दोनदा वाचावा. परीक्षार्थी वाक्य सांगतो, लेखनिक ते स्वतःच्या शब्दांत बसवतो. तसे करू नये, अडखळलेले वाक्यही जसे सांगितले तसे लिहावे. विशेषनामे, सूत्रे, परकी शब्द अक्षर-अक्षर विचारून घ्यावेत. दर परिच्छेदानंतर शेवटचे वाक्य वाचून दाखवावे, कारण परीक्षार्थीला आपण कुठवर आलो ते दिसत नाही. आणि घाईने सांगणाऱ्याला थांबवायची खूण आधी ठरवून घ्यावी. गणपती आणि व्यासांनीही आधी अटी ठरवल्या होत्या.

लिपिक, टंकलेखक, लघुलेखक ही पदनामे वेगळी. ती नोकरीची आहेत, त्यांना लेखनिक म्हणू नये.

रुजुवात
याद्यांसाठी माझी सूचना अशी. ‘लेखक’ हा एकच रकाना ठेवू नका. कर्ता, लेखनिक (पुष्पिकेत लेखक/लिखितं), लिहवून घेणारा, कुणासाठी, मालक असे पाच रकाने करा. रिकामे राहिले तर राहू द्या. पुष्पिका पूर्ण, आहे त्या शुद्धलेखनात, वेगळ्या रकान्यात टंका, म्हणजे आपण चुकलो तर पुढच्याला दुरुस्त करता येईल.

टंकल्यावर रुजुवात, म्हणजे मुळाशी ताडणी, दोघांनी करावी. एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचे, काना-मात्रा, दंड, आकडे, गाळलेल्या जागा सगळे उच्चारून. दुसऱ्याने टंकलेल्या मजकुरावर बोट ठेवून पाहायचे. टंकणाऱ्याने मूळ वाचू नये. त्याने एकदा चुकीचे वाचलेले तो दुसऱ्यांदाही तसेच वाचतो. वीस-पंचवीस पानांनंतर जागा बदला, कान थकतो. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ पडद्यावर तपासा: दऱ्यामध्ये आडवी रफार, सूर्यामध्ये वरची. कळफलकावर ऱ न सापडल्याने ‘मऱ्हाटी’ची ‘मर्हाटी’ झालेली पाने पुष्कळ आहेत, आणि ती चूक सच्चिदानंदबाबांच्या नावावर जाता कामा नये.

नवशिका_मोडी
पाच रकान्यांचा तक्ता करून घेतला. एक विचारायचे राहिले: पुष्पिकेत नाव नाही, फक्त ‘लेखकपाठकयोः शुभं भवतु’ एवढेच आहे, तर लेखनिकाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहू का?

रुजुवात
‘नाव दिलेले नाही’ असे लिहा. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या पोथीत तेच वळण नावासकट सापडू शकते. वेलांट्या, ‘श्री’चे वळण आणि अध्याय संपल्यावरचा ॥छ॥ कसा काढला आहे, या तीन गोष्टींचे छायाचित्र नोंदीला जोडून ठेवा.